खुडूक कोंबडीचे मोल

महाराष्ट्रातील परसांत ‘गिरिराज’ कोंबडी आता परिचित आहे. तिचे माहेर मात्र बंगळुरू. तेथील हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, ते कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली असताना, ही जात विकसित झाली. वर्षाकाठी सुमारे १३० ते १५० अंडी, म्हणजे गावठी कोंबडीच्या दुपटीच्या आसपास, अंगानेही भरदार. परंतु ती खुडूक बसत नाही. अंडे घालावे आणि चालू लागावे, असा तिचा खाक्या! मग उबवणीसाठी ती अंडी गावठी कोंबडीखालीच ठेवावी लागतात. ही मानिनी २१ दिवस केवळ दाणापाण्यापुरती उठते आणि चोचीने अंडी फिरवीत राहते; यंत्राला त्यासाठी सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता व पुरेसा ओलावा सांभाळावा लागतो. आठवड्यानंतर अंडे दिव्यासमोर धरून पाहावे. आत रक्तवाहिन्यांचे जाळे न दिसल्यास ते काढून टाकावे.

मात्र घरी उबवलेल्या या पिल्लांत मूळचा जोम उतरतोच असे नाही. म्हणून कर्जाचा हिशेब मांडताना केंद्रातून नवी पिल्ले आणण्याचा खर्च पुनःपुन्हा येणारा धरावा. मानमोडीच्या लसीचाही धरावा. एका साथीत अख्खे खुराडे रिकामे होते, हप्ते मात्र चालूच राहतात.