मिकाडो, प्याला आणि गालिचा

'मिकाडो' नावाचे एक कॉकटेल आहे. ब्रँडी, बदामाचे घट्टसर सरबत, कडवट अर्काचे दोन-चार थेंब आणि वर लिंबाच्या सालीचा एक तुकडा. नाव जपानच्या सम्राटाचे, पण पेल्यात जपानी म्हणावे असे काहीही नाही. ही कृती जेरी थॉमस या अमेरिकन बारवाल्याने 1862 साली आपल्या पुस्तकात 'जपानी कॉकटेल' म्हणून छापली होती. दोनच वर्षांपूर्वी जपानचे शिष्टमंडळ न्यूयॉर्कला येऊन गेले होते आणि तिकडे सगळ्यांना जपानचे वेड लागले होते. पुढे तेच मिश्रण 'मिकाडो' या नावानेही मिळू लागले. मधल्या काळात त्या नावाची एक विनोदी संगीतिका जगभर गाजली होती.

कॉकटेल या विषयावर मी लिहावे हे वाचून आमच्या घरातही भुवया उंचावल्या. आपल्याकडे रंगभूमीवरचा प्याला म्हटला की 'एकच प्याला' आठवतो. 1919 साली गडकऱ्यांचे हे नाटक रंगभूमीवर आले आणि सुधाकराच्या हातातला पेला मराठी माणसाच्या मनात कायमचा विष म्हणून नोंदला गेला. ते योग्यच झाले. इंग्रजांच्या हलक्याफुलक्या संगीत नाटकांतून मात्र प्याल्याची वेगळीच गोष्ट निघते, आणि ती दारूपेक्षा हिशेबाची अधिक आहे. हिशेब हा माझा जुना विषय. बँकेतल्या नोकरीत आयुष्याची उमेदीची वर्षे त्यातच गेली.

आधी संगीतिकेविषयी. शब्द विल्यम गिल्बर्ट यांचे, संगीत आर्थर सलिव्हन यांचे. पहिला प्रयोग 14 मार्च 1885 रोजी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात झाला आणि ओळीने 672 प्रयोग झाले. टिटिपू नावाच्या कल्पित जपानी गावात ही गोष्ट घडते. परस्त्रीशी लाडीगोडी केली तर देहदंड, असा सम्राटाचा कायदा आहे. गावकरी त्यावर तोड काढतात. त्याच गुन्ह्यात शिक्षा झालेल्या को-को नावाच्या शिंप्यालाच ते मुख्य जल्लाद नेमतात. क्रमाने पहिले डोके त्याचे स्वतःचे, ते उडवल्याशिवाय दुसऱ्याचे उडवता येणार नाही, म्हणून सगळेच सुरक्षित!

माझे आवडते पात्र मात्र पूह-बाह. गावातली बाकी सगळी पदे या एकाच माणसाकडे. खजिनदार तोच, वकील तोच, हिशेबतपासनीसही तोच. को-को आपल्या लग्नावर सरकारी पैशातून किती खर्च करावा, असे त्याला विचारतो. पूह-बाह एका पदावरून म्हणतो, थाटात होऊ दे. दुसऱ्या पदावर सरकला की तोच म्हणतो, काटकसर करा. बँकेत बसून मी असे पुष्कळ पाहिले आहेत. फरक इतकाच, की आमच्याकडे या सगळ्या भूमिकांसाठी वेगवेगळी टेबले होती आणि फाईल महिनाभर फिरत राही.

ही संगीतिका नावालाच जपानची. टोपी उडवली आहे ती इंग्रजी नोकरशाहीची. जपानी माणसांना गमतीचा विषय केले म्हणून तिच्यावर आक्षेपही येत राहिले. 1907 साली जपानचे राजपुत्र फुशिमी लंडनला आले तेव्हा खुद्द ब्रिटिश सरकारनेच काही आठवडे तिचे प्रयोग थांबवले. 1986 साली जोनाथन मिलर या दिग्दर्शकाने जपान काढूनच टाकला आणि सारे नाटक इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या झोकदार हॉटेलात नेऊन बसवले. संगीतिका जराही अडखळली नाही. बाटलीवरचे लेबल बदलले, आतला द्रव तोच राहिला.

हॉटेलचा उल्लेख आला तो बरे झाले, कारण खरी गोष्ट तिथेच सुरू होते. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांना एकत्र आणणारा तिसरा गृहस्थ होता रिचर्ड डॉयली कार्ट. व्यवहाराला चोख आणि डोळ्यांत मोठी स्वप्ने. 1881 साली त्याने सॅव्हॉय थिएटर बांधले. संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेली ही जगातली पहिली सार्वजनिक इमारत. दिवे सुमारे बाराशे. वीज म्हणजे आग, या भीतीने लोक बिचकत होते. म्हणून कार्टने रंगमंचावर येऊन एक पेटता दिवा तलम कापडात गुंडाळून फोडला आणि कापड जराही जळले नाही हे सर्वांना दाखवले. कार्यक्रमपत्रिका फुकट आणि नोकरांना बक्षिसी देऊ नका, हेही नियम त्याचेच.

'मिकाडो' आणि तिच्या भावंडांनी पैसा ओतला. त्या नफ्यातून कार्टने थिएटरला लागूनच सॅव्हॉय हॉटेल उभारले. ते 1889 साली सुरू झाले. विजेचे दिवे, विजेवरचे पाळणे, गरम पाण्याची सोय. व्यवस्थापक सेझार रिट्झ, मुदपाकखान्यात एस्कॉफिए. ऑपेरागायिका नेली मेल्बाच्या नावाचे 'पीच मेल्बा' इथलेच. याच हॉटेलातला 'अमेरिकन बार' पुढे जगात नावाजला. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे एडा कोलमन ही बाई कॉकटेल बनवण्यात अग्रगण्य होती, हे आजही पुष्कळांना नवल वाटते. एका नटासाठी तिने तयार केलेले 'हँकी पँकी' आजही बारमधून मागितले जाते. अमेरिकेत दारूबंदी आल्यावर तिकडून आलेल्या हॅरी क्रॅडॉकने 1930 साली 'सॅव्हॉय कॉकटेल बुक' प्रसिद्ध केले आणि ते त्या धंद्याची पोथी ठरले.

म्हणजे पाहा, लोक हसले, त्या हसण्याचे तिकीट झाले, तिकिटाचे हॉटेल झाले आणि हॉटेलात प्याला भरला गेला. आज संगीतिकेचे शौकीन एखाद्या संध्याकाळी जमतात आणि पात्रांच्या नावाची पेये करतात. नायिका यम-यमसाठी काही गोड आणि गुलाबी, खाष्ट कतिशासाठी काही कडू. इटलीत तर स्ट्रॉबेरीच्या रसाचे पेय 'रॉसिनी' या विनोदी ऑपेरांच्या बादशहाच्या नावाने चालते. 'बेलिनी' मात्र त्या नावाच्या संगीतकाराचे नव्हे, व्हेनिसच्या चित्रकाराचे. या खेळात गंमत आहे. पण ज्या प्याल्यामागे खरोखर सॅव्हॉयची संगीतिका आहे, त्याच्या तळाशी थोडा कडू अर्कही आहे.

तिघांचा करार साधा होता. प्रयोगांचा खर्च वजा जाता जो नफा उरेल त्याचे तीन समान भाग. खर्चात थिएटरचे भाडे आणि प्रयोगांच्या अनुषंगाने होणारी डागडुजी धरायची. 'द गॉन्डोलिअर्स' ही नवी संगीतिका डिसेंबर 1889 मध्ये सुरू झाल्यावर गिल्बर्ट पत्नीसह हिंदुस्थानच्या सफरीवर आले. 1890 च्या वसंतात परत गेले आणि त्यांनी हिशेब मागितला. सुरुवातीचा खर्च 4,500 पौंड! त्यात थिएटरच्या दर्शनी भागातला नवा गालिचा, सुमारे 140 पौंडांचा. गिल्बर्ट भडकले. गालिचा म्हणजे डागडुजी की मालकाची मालमत्ता? चालू खर्च की भांडवली खर्च? बँकेच्या परीक्षेत हा प्रश्न पाच गुणांना येतो. सॅव्हॉयमध्ये त्याने पंधरा वर्षांची मैत्री खाल्ली.

सलिव्हन कार्टच्या बाजूने गेले. कार्ट त्यांच्या गंभीर ऑपेरासाठी नवे भव्य थिएटर बांधत होता, आणि विनोदी संगीताचा शिक्का पुसावा ही सलिव्हन यांची जुनी आस होती. प्रकरण कोर्टात गेले. गिल्बर्ट यांना आणखी एक हजार पौंड मिळाले, म्हणजे हिशेबात ते अगदीच चूक नव्हते. सलिव्हन यांची 'आयव्हॅन्हो' 1891 साली त्या नव्या थिएटरात दीडशेच्या वर प्रयोग चालली. पण तिच्यानंतर लावायला दुसरे काही तयार नव्हते आणि ते थिएटर लवकरच विकावे लागले. दोघांनी पुढे आणखी दोन संगीतिका केल्या. पूर्वीचा रंग चढला नाही. 1898 साली जुन्या संगीतिकेच्या एका प्रयोगाअखेर दोघे पडद्यासमोर येऊन प्रेक्षकांपुढे वाकले, पण एकमेकांशी बोलले नाहीत असे सांगतात. दोन वर्षांनी सलिव्हन गेले.

हे वाचताना मला माझ्या शाखेतले एक खाते आठवते. छापखाना चालवणारे दोन भागीदार, वीस वर्षांचा शेजार. भांडण कशावरून? ऑफिसात आणलेले लोखंडी कपाट कोणाच्या खर्चात टाकायचे यावरून. खाते बंद करायला दोघे वेगवेगळे आले, वेगवेगळ्या बाकांवर बसले. मी दोघांसाठी चहा मागवला. एकाने घेतला, दुसऱ्याचा पेला तसाच निवत राहिला. खतावणीत दोन ओळींत खाते संपले. कपाटाची किंमत किती होती, हे आज त्यांपैकी कोणालाही सांगता येणार नाही.

गालिचा किंवा कपाट हे निमित्त असते. आपल्या वाट्याचे श्रेय दुसरा नेतो आहे, ही सल आत कुठेतरी आधीच असते. ती बोलता येत नाही, म्हणून माणसे आकड्यांकडे बोट दाखवतात. आकड्यांचा दोष नाही. वर्षानुवर्षे हिशेब तपासले, पण गिल्बर्टचे शब्द किती आणि सलिव्हनचे सूर किती, हे वेगळे काढणारी खतावणी माझ्या पाहण्यात आलेली नाही.

घरच्या मंडळींसाठी 'मिकाडो' दारूवाचूनही होतो. बदामाचे सरबत, थंड पाणी, बर्फ, आणि कडवटपणासाठी संत्र्याच्या सालीची एक बारीक चीर. नातवंडांना आवडते. एखाद्या रविवारी करून पाहा. आणि ज्याच्याशी जुन्या कपाटावरून बोलणे थांबले असेल, त्यालाही बोलवा. पेला त्याच्या हातात द्या आणि हिशेबाचा विषय काढू नका.