महाशिवरात्रीच्या आत बी पेरा!

अमरावती-अकोल्याच्या मंडळींनो, परसबागेतला पालक, मेथी, सांभार आता फुलावर यायला लागला असेल. तो उपटा आणि जागा मोकळी करा. आपल्याकडे वसंत फार थोडे दिवस टिकतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. फेब्रुवारीत टोचलेली भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत तोडणीला येते, म्हणजे मे महिन्याच्या भट्टीआधी बऱ्यापैकी भाजी घरात येते. उशीर केला की फूलगळ ठरलेली.

गवार, बरबटी, काकडी, ढेमसं हेही आत्ताच लावा. कारल्याचं बी कडक कवचाचं असतं, ते रात्रभर भिजवून लावा.

खरी मेहनत मातीची. आपली काळी माती ओली असली की चिकट, वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून मुळं तुटतात. म्हणून चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा आणि रोपं वीतभर झाली की बुंध्याभोवती तुरीचं किंवा गव्हाचं कुटार जाड पसरा. ओल टिकते, भेगा पडत नाहीत. माझ्या मते उन्हाळी बागेत यापेक्षा मोठा उपाय नाही. नळ रोज येत नसेल तर तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी सकाळी मुळाशी घाला.

भेंडीची पानं शिरांजवळ पिवळी पडली तर तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते. असं झाड लगेच उपटा. बाकीच्यांवर निंबोळी अर्क फवारा: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून. बी घेताना केवड्याला प्रतिकारक म्हणून तयार केलेलं ‘परभणी क्रांती’ मागा.

तुमच्याकडे ढेमशाचं जुनं गावरान बी असेल तर जपा आणि शेजाऱ्यालाही मूठभर द्या.