स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी निवासी केंद्र पाहताना

मंडळाच्या कोजागिरीला दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन एकच विचारले, "ताईंना कुठे ठेवलंत? कसं ठरवलंत?" गर्दीत नीट सांगता आले नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझी मोठी बहीण इंदूरच्या शाळेत शिक्षिका होती. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, झाल्यावर तीन वर्षे घरी सांभाळली. रात्री दोन वाजता कडी काढून ती शाळेला निघू लागली, तेव्हा आमचा नाइलाज झाला. सौ. आणि मी चार केंद्रे पाहिली. बँकेत शाखांची तपासणी केलेली असल्याने दाखवतात तेवढेच न पाहता रजिस्टर मागायची मला सवय आहे.

पहिला कागद नोंदणीचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाभान यांतला गंभीर बिघाडही येतो. अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. एका ठिकाणी आम्हाला ट्रस्टचे प्रमाणपत्र दाखवले. ते वेगळे, हे वेगळे.

तिथेच एक आजोबा ओढणीने खुर्चीला बांधलेले दिसले. "पडू नयेत म्हणून," असे उत्तर मिळाले. कायद्याचे कलम ९७ याबाबत स्पष्ट आहे. तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तरच रुग्णाला बांधता येते, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून कधीच नाही. प्रत्येक वेळी नोंद करून रुग्णाच्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवावे लागते. नोंदवही मागितली, तर साहेब चहाचे विचारू लागले. आम्ही उठलो.

ओढणी निदान डोळ्यांना दिसते, गोळी दिसत नाही. दुपारी बारा वाजता सगळे झोपलेले असतील तर कोणती औषधे चालू आहेत ते विचारा. मनोविकारावरील काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे.

सकाळी अकराला कुठलेही केंद्र छानच दिसते. या रुग्णांची घालमेल बहुधा दिवेलागणीला वाढते, म्हणून सांगून न जाता त्या वेळी जावे. रात्री किती माणसे जागी असतात तेही विचारावे. न घसरणारी फरशी, धरायला दांडे, संडासाच्या दारावर मोठे चित्र, हे पाहिले की कळते.

भाषेचा विचार आम्हीही उशिराच केला. आयुष्यभर हिंदीत शिकवणाऱ्या ताईची हिंदी आता जवळजवळ गेली, मराठी उरली. "गार वाजतंय" म्हटले तर तिथल्या बाईंना कळेना. मग वीस शब्द हिंदी अर्थांसह लिहून तिच्या खाटेपाशी लावले. आपल्या घरांत हे अनेकांना लागेल.

जाता जाता बँकेचे. कुलमुखत्यारपत्र केले की झाले, असा समज आहे. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार देणाऱ्याची मनःस्थिती ढळली की ते संपते. त्यामुळे केंद्राची फी कोणत्या खात्यातून जाणार, ते खाते संयुक्त आहे का, हे आजाराच्या सुरुवातीलाच, सही करणाऱ्याला समजते आहे तोवर ठरवा. उपचारांसाठीचा प्रतिनिधीही तेव्हाच साध्या कागदावर लेखी नेमून घ्या. नंतर पैशांसाठी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. आम्ही सध्या त्याच रांगेत आहोत.