मागच्या खोलीतील उकाडा

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुले-नातवंडे उन्हाळी सुटीत आर. व्ही. भाड्याने घेऊन ॲरिझोना, युटा, नेवाडाच्या वाळवंटी प्रदेशात फिरावयास निघतात. हे चाकांवरचे घरच होय. स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट, स्नानगृह आणि शेवटी शयनगृह, सारे काही त्यात असते. स्वतःची चूल बरोबर असल्याने परमुलखात जेवणाची चिंता राहत नाही, त्यामुळे आपल्या कुटुंबांना हे वाहन सोयीचे वाटावे यात नवल नाही.

भारतातून गेलेल्या आई-वडिलांना अशा प्रवासात मोठ्या आदराने मागची शय्या दिली जाते आणि बहुधा तीच जागा सर्वांत तापलेली असते. पुढे शाल पांघरावी असा गारवा, तर दहा पावले मागे अंगाची लाही. वडीलधारी मंडळी संकोचाने बोलत नाहीत. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, शरीराला उष्णता बाहेर टाकणेही जड जाते. त्याच प्रदेशाच्या पश्चिमेस असलेल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची अधिकृत नोंद झाली, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ सुखसोयीचा राहत नाही.

यंत्राची शक्ती कमी पडते, असा पहिला संशय येतो आणि विक्रेता तत्काळ दुसरे यंत्र सुचवितो. आमच्या मते हा सल्ला पुष्कळदा घाईचा असतो. छपरावरचे यंत्र सामान्यतः १३,५०० किंवा १५,००० बीटीयूचे असते. १२,००० बीटीयूचा एक टन धरला, तर ते आपल्याकडील एक ते सव्वा टनाच्या दरम्यान येते. एवढ्याशा जागेला ते अगदीच तोकडे नव्हे. व्यापाऱ्याने येथे आपलाच नित्याचा प्रश्न विचारावा : वखारीतून माल निघाला किती आणि दुकानी पोचला किती?

त्यासाठी साधा तापमापक पुरे. यंत्र खोलीतील हवा ज्या जाळीतून आत ओढते तेथे एकदा आणि त्याच्या सर्वांत जवळच्या झरोक्यात एकदा तापमान पाहावे. यंत्र अर्धा तास चालल्यावर या दोहोंत ९ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक दिसला, तर यंत्र निर्दोष समजावे. मग शयनगृहाच्या झरोक्याशी पाहावे. तेथे हवा मंद किंवा कोमट लागली, तर तूट वाटेत आहे.

ही वाट फारच हलक्या हाताने केलेली असते. छपराच्या पोकळीत, फोमच्या थरांमधून हवेचा अरुंद मार्ग काढलेला असतो. सांधे नीट चिकटविलेले नसतात, झरोक्याची भोके मार्गाशी जुळत नाहीत, आणि थंड हवा खोलीऐवजी छपराच्या पोकळीत शिरते. याहून मोठी गळती यंत्राच्या अगदी खालीच सापडते. तेथे गार हवा बाहेर जाण्याचा आणि गरम हवा आत येण्याचा मार्ग शेजारीशेजारी असतो, मध्ये केवळ एक पातळ पडदी. तिला फट राहिली की गार हवा तेथल्या तेथे परत ओढली जाते. छताचे आच्छादन उतरवून या फटी ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपने बंद करणे हे एका दुपारचे काम आहे आणि नव्या यंत्राच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य. अर्थात गाडी स्वतःची असेल तरच.

भाड्याच्या गाडीत हात घालता येत नाही, तरी पुष्कळ साधते. अनेक यंत्रांच्या तळाशी गारवा थेट खाली सोडणारी झडप असते. ती उघडी राहिली तर पुढची खोली झटपट थंड होते आणि मागे काहीच पोचत नाही. ती बंद करावी. पुढचे एक-दोन झरोके अर्धवट मिटावेत, मात्र सगळे मिटू नयेत, कारण हवा तुंबली की यंत्राच्या शीतनळ्यांवर बर्फ धरतो आणि उरलासुरला गारवाही जातो. शयनगृहाचे दार लावल्यास आतली हवा परत येण्यास वाट उरत नाही, मग नवी हवा शिरणार कोठून? दार किलकिले ठेवावे. थर्मोस्टॅट बहुधा पुढच्या खोलीत असतो. तेथे गारवा झाला की तो यंत्र थांबवितो, मागच्या उकाड्याची त्याला वार्ताच नसते. म्हणून पंखा ‘ऑटो’वर न ठेवता अखंड चालू ठेवावा. छतावरच्या प्लास्टिकच्या झाकणातून ऊन उतरते, त्यात उशी बसवावी आणि शयनगृहाची बाजू सावलीत येईल अशी गाडी उभी करावी.

इतके करूनही भागले नाही, तरच दुसऱ्या यंत्राचा विचार. तेथे विजेचा हिशेब आडवा येतो. ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने ३,६०० वॅट मिळतात. एक यंत्रच सुमारे दीड हजार वॅट घेते, त्यामुळे दोन यंत्रे चालू असताना चहासाठी मायक्रोवेव्ह लावला की वीज खंडित व्हायची. ५० अँपिअरच्या जोडणीवर मात्र १२,००० वॅट मिळतात, कारण तीत १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या असतात. आई-वडिलांना घेऊन जुलैत निघायचे असल्यास गाडी ठरविताना, आणि मुक्कामाची जागा राखतानाही, जोडणी किती अँपिअरची आहे हे आधी विचारून घ्यावे.