इस्लामपूर्व अरबी काव्यातील बेदुईन जीवन आणि ‘मुरुव्वा’

इस्लामपूर्व अरबी काव्यातील बेदुईन जीवनाचा विचार करताना ‘मुरुव्वा’ ही संकल्पना मध्यवर्ती ठरते. पुरुषवाचक मूळ शब्दापासून सिद्ध झालेल्या या संज्ञेत औदार्य, शौर्य, सहनशीलता, वचननिष्ठा आणि आश्रिताचे रक्षण या गुणांचा समावेश होतो. हाच शब्द फारसीमार्गे मराठीत येऊन ‘भीडमुर्वत’ या जोडशब्दात स्थिरावला. मात्र येथे त्याचा अर्थ संकोच वा पर्वा एवढाच उरला. मूळ संदर्भात तो संपूर्ण जीवननीतीचा वाचक आहे.

ही नीती अभावातून घडली. चारा व पाणी यांच्या शोधात सतत स्थलांतर करणाऱ्या या समाजात व्यक्तीच्या जीविताची हमी देणारी राजसत्ता नव्हती. ती हमी टोळीच देत असे. आजचा यजमान उद्या वाळवंटात वाट चुकलेला पाहुणा ठरू शकत होता. म्हणूनच औदार्य हा संपन्नतेचा अलंकार नसून परस्पर जीवरक्षणाचा अलिखित करार होता. हिवाळ्यातील टंचाईत बाण टाकून उंटाच्या मांसाचे वाटे ठरविण्याचा ‘मैसिर’ हा खेळ याच दृष्टीने पाहावा लागतो. जिंकलेले मांस गरजूंना वाटणे यातच त्याची प्रतिष्ठा होती आणि लबीदने आपल्या ‘मुअल्लका’त त्याचा अभिमानाने उल्लेख केला आहे.

कसीद्याची रचनाही या मूल्यांशी निगडित आहे. इब्न कुतैबाने नवव्या शतकात वर्णिलेल्या क्रमानुसार कसीद्याच्या आरंभी प्रियेच्या उजाड तळाचे स्मरण येते. त्यानंतर उंटावरील खडतर प्रवास आणि अखेरीस स्तुती येते. लबीदच्या कसीद्यात या अखेरच्या भागाची जागा स्वतःच्या व टोळीच्या गौरवाने घेतली आहे. विरहापासून समूहापर्यंतचा हा प्रवास म्हणजे नश्वरतेला नीतीने दिलेले उत्तर होय.

या नीतीतील अंतर्विरोधही कवींनी जाणले होते. टोळीनिष्ठेतूनच सूडाची परंपरा जन्मते. अब्स व झुब्यान यांच्यातील दीर्घ संघर्ष मिटविण्यासाठी रक्तमूल्याचा भार उचलणाऱ्या दोन प्रमुखांची झुहैरने स्तुती केली. येथे औदार्य शौर्याहून श्रेष्ठ ठरते. दुसरीकडे, शन्फराच्या नावावर असलेल्या ‘लामिय्यतुल् अरब’ या काव्यातील बहिष्कृत नायक आप्तांचा त्याग करून लांडगा, चित्ता व तरस यांना सोयरे मानतो. परंतु त्यांच्याकडूनही त्याला अपेक्षा असते ती निष्ठेचीच. तो टोळी सोडतो, मुरुव्वा सोडत नाही.

या काव्याकडे समाजेतिहासाचे साधन म्हणून पाहताना मात्र सावधगिरी आवश्यक आहे. ‘रावी’ या पाठकांच्या मुखी दीर्घकाळ राहिलेले हे काव्य प्रामुख्याने आठव्या-नवव्या शतकांत बसरा व कूफा येथील विद्वानांनी संकलित केले. १९२६ मध्ये ताहा हुसैन यांनी त्याच्या अस्सलपणाविषयी उपस्थित केलेल्या शंकेमुळे मोठा वाद उद्भवला. शिवाय, इम्रुउल् कैस हा किंदा राजकुलातील, तर नाबिगा हा हीरा व घस्सान यांच्या दरबारांशी संबंधित कवी होता. तेव्हा या काव्यात बेदुईन जीवनाची नोंद जशीच्या तशी नसून त्या जीवनाने स्वतःसमोर ठेवलेला आदर्श आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. पाहुण्याला विन्मुख पाठविणाऱ्याची निंदा कवींना वारंवार करावी लागली, यावरूनच त्या आदर्शाची निकड आणि त्याच्या पालनातील अनिश्चितता या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.