कोळशाचा भाऊ, हिऱ्याचा भाऊ

मंडळी, मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एकांनी विचारलं, तत्त्वज्ञानाचा माणूस हार्ड डिस्कवर कशाला बोलतो? कारण साधं आहे. एका दुपारी माझी डिस्क करकरली आणि बंद पडली. वीस वर्षांची टिपणं गेली. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने ती उघडून दाखवली, तर आरशासारख्या तबकडीवर एक गोल ओरखडा! तेव्हापासून मी त्या ओरखड्याच्या मागे लागलो.

ही तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. साडेतीन इंची डिस्क असेल तर तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरात जातो. वाचणारं हेड तिच्यावर हवेच्या थरावर तरंगतं. १९५६ साली आयबीएमच्या रॅमॅकमध्ये हे अंतर सुमारे २० मायक्रॉन होतं. आज ते काही नॅनोमीटर आहे. आपला केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, आता बघा!

इतक्या जवळून उडताना कधीतरी टेकणारच. खालचा चुंबकीय थर कोबाल्टच्या मिश्रधातूचा. तो खरवडतो, शिवाय गंजतो. म्हणून त्यावर दोन-तीन नॅनोमीटर कठीण कार्बनचा लेप देतात, आणि त्यावर वंगणाचा त्याहून पातळ थर.

कार्बन कोणता, हा खरा माझ्या विषयातला प्रश्न. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट कार्बन, हिराही कार्बन. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणूचे तीन शेजारी, ते एका पातळीत, म्हणून थर एकमेकांवरून सरकतात. हिऱ्यात चार शेजारी, चहूकडून बांधलेले. द्रव्य तेच, बदलली ती रचना. अ‍ॅरिस्टॉटलला हे उदाहरण मिळायला हवं होतं. आपला लेप या दोघांची खिचडी आहे. दोन्ही प्रकारचे बंध, पण स्फटिकासारखी शिस्त नाही, आणि बऱ्याचदा थोडा हायड्रोजनही.

मग लेप जाडच का देत नाहीत? कारण लेपाची जाडीही हेड आणि चुंबकीय थर यांच्यातल्या अंतरात मोजली जाते, आणि अंतर वाढलं की संकेत झपाट्याने क्षीण होतो. फार पातळ केला, तर बारीक छिद्रं राहतात आणि तिथून गंज शिरतो.

आता नव्या डिस्कमध्ये लिहिताना लेझरने तो ठिपका क्षणभर चारशे अंशांच्या वर तापवतात. एवढ्या उष्णतेत लेपातले हिऱ्यासारखे बंध मोडून ग्रॅफाइटकडे झुकू लागतात. संशोधकांपुढचं हे एक मोठं आव्हान आहे.