अपरिचित मार्गावरील तीन दिवस

परक्या गांवीं गेलेला शहाणा मनुष्य प्रथम वाट विचारतो आणि मग पाऊल टाकतो. ओळखीच्या रस्त्यावर पाय आपोआप पडतात. अनोळखी रस्त्यावर मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. हा नियम पायीं चालणाराला जितका लागू आहे, तितकाच ताशीं तीनशें किलोमीटर वेगानें मोटार-सायकल हांकणाऱ्या शर्यतवीरालाहि लागू आहे, असें म्हटल्यास पुष्कळांना नवल वाटेल. शर्यतींतला स्वार म्हणजे जिवावर उदार झालेला, मागचापुढचा विचार नसलेला प्राणी, अशी सामान्य समजूत आहे. ती कितपत खरी आहे हें पाहावयाचें असेल, तर ज्या मार्गावर तो पूर्वीं कधींहि गेलेला नाहीं, त्या मार्गावर शर्यतीचे तीन दिवस तो कसे घालवतो, तें पाहावें.

मुंबईच्या उत्तर वेशीला लागून असलेलें मीरा-भाईंदर शहर घ्या. २०११ सालच्या शिरगणतींत येथील वस्ती आठ लाखांच्या वर गेली होती. भाईंदरच्या मिठागरांपासून काशीमिऱ्याच्या नाक्यापर्यंत फटफट्यांची रीघ लागलेली असते. परंतु शर्यतीसाठीं बांधलेला मार्ग मात्र या शहरांत नाहीं. येथल्या एखाद्या तरुणाला या खेळांत पडावयाचें असेल, तर त्याला दूर जावें लागतें. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें १९९० पासून सुमारें पावणेचार किलोमीटर लांबीचा मार्ग आहे. कोइमतूरजवळ चेट्टीपाळयम् येथें दोन किलोमीटरांहून थोडा अधिक लांब असा 'कारी मोटर स्पीडवे' आहे. आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें 'बुद्ध इंटरनॅशनल सर्किट' आहे. ज्याचें घर अशा मार्गाजवळ आहे, त्याला तेथलीं वळणें तोंडपाठ असतात. दुरून आलेल्या स्पर्धकाला तीं शुक्रवारीं प्रथम दिसतात, आणि रविवारीं तर शर्यत असते!

ही अडचण केवळ नवशिक्यांची आहे असें नाहीं. सन २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत, २२ ते २४ तारखांस, बुद्ध सर्किटवर जगांतील अव्वल दर्जाची 'मोटोजीपी' शर्यत झाली. हा मार्ग जर्मन रचनाकार हर्मान टिल्के यांनीं आंखलेला असून २०११ सालीं तो खुला झाला. २०११ ते २०१३ या तीन वर्षीं तेथें फॉर्म्युला वन मोटारींच्या शर्यतीहि झाल्या होत्या. परंतु मोटार-सायकलींसाठीं त्याची आंखणी थोडी बदलली. मोटारींचा मार्ग ५.१२५ किलोमीटरांचा होता, तो आतां ४.९६ किलोमीटरांचा झाला. मोटोजीपीच्या श्रेणींतील कोणीहि स्वारानें येथें पूर्वीं शर्यत केलेली नव्हती. म्हणजे आदल्या वर्षींचा जगज्जेता, इटलीचा फ्रान्सेस्को बान्याया, आणि त्याच्या मागून आलेला एखादा नवखा, हे दोघेहि त्या दिवशीं सारखेच परके होते. अपरिचित मार्ग कसा शिकावा, याचा असा उघड वर्ग क्वचितच भरतो.

या वर्गाचा पहिला धडा गुरुवारीं, आणि तोहि बहुधा पायीं असतो. स्वार मार्गावर चालत किंवा सायकलीवरून एक फेरी मारतो. चित्रपटांत किंवा नकाशांत जें दिसत नाहीं, तें त्याला येथें दिसतें. रस्ता कोठें चढतो व कोठें उतरतो, कोणतें वळण पुढें जाऊन आवळतें, कडेचा रंगीत उंचवटा किती उंच आहे, पावसाचें पाणी कोठून वाहून जातें, पडल्यास पुढें खडीचा पट्टा आहे कीं भिंत, या सर्वांची तो मनांत नोंद करतो. मग तो खुणा ठरवतो. अमुक पाटीपाशीं ब्रेक, तमुक उंचवट्यापाशीं गाडी आंत घ्यावयाची, अमक्या खांबाकडे पाहून बाहेर पडावयाचें. खूण मात्र स्थिर असावी लागते. झाडाची सावली येथें चालत नाहीं. सकाळची सावली दुपारपर्यंत सरकलेली असते.

या खुणांचें महत्त्व थोड्या गणितानें कळेल. ताशीं ३०० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारें ८३ मीटर. पापणी लवण्यास पाव सेकंद लागला असें धरलें, तर तेवढ्यांत गाडी वीस मीटरांहून पुढें गेलेली असते. बुद्ध सर्किटवर सुमारें एक किलोमीटर लांबीचा सरळ पट्टा आहे आणि त्याच्या शेवटीं मंद वेगाचें वळण आहे. तेथें ब्रेक लावावयास पाव सेकंद उशीर झाला, तर वळण मागें राहतें आणि स्वार खडींत जातो. अंदाजानें चालणाराला येथें जागा नाहीं. पाटी पाहिली कीं हात दाबला गेलाच पाहिजे.

दुसरें गणित वळणाचें आहे. वळण घेतांना स्वार गाडीसह आंतल्या बाजूस कलतो, हें सर्वांनीं पाहिलेलें असतें. तो शोभेसाठीं कलत नाहीं. वेगामुळें गाडीला बाहेर नेऊं पाहणारा जोर आणि तिचें वजन यांचा तोल त्या कोनांत सांधलेला असतो. शंभर मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं १०८ किलोमीटर वेगानें जाणाराला सुमारें ४३ अंश कलावें लागतें. तोच वेग १३० केला, म्हणजे पांचव्या हिश्शानें वाढवला, तर कोन ५३ अंशांवर जातो आणि चाकावरील बाजूचा ताण जवळजवळ दीडपट होतो. कारण हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. आणि हा सारा ताण पेलणारा टायरचा तुकडा किती? रस्त्याला टेकलेला भाग तळहाताहूनहि लहान असतो. वळण अनोळखी असेल तर त्याची त्रिज्या स्वाराला ठाऊक नसते, आणि त्रिज्या ठाऊक नसतां वेग ठरवणें म्हणजे खोली न पाहतां विहिरींत उडी टाकणें होय.

म्हणून शुक्रवारच्या सरावाच्या पहिल्या फेऱ्या जाणता स्वार मुद्दाम सावकाश करतो. प्रथम टायर तापले पाहिजेत. थंड रबर पकड धरीत नाहीं, आणि सुटतांना सूचनाहि देत नाहीं. शिवाय जो मार्ग वारंवार वापरांत नसतो त्यावर धूळ सांचलेली असते, आणि पुष्कळ गाड्या फिरून रबराचा पातळ थर बसेपर्यंत तो निसरडा राहतो. मग प्रत्येक फेरीला तो एकच गोष्ट बदलून पाहतो. या वळणावर ब्रेक पांच मीटर उशिरा लावून पाहिला. त्या वळणावर एक गिअर वरचा घेऊन पाहिला. सर्व गोष्टी एकदम बदलल्या तर लाभ कशानें झाला आणि घात कशानें झाला, तें कळत नाहीं. प्रयोगशाळेंतील विद्यार्थ्याला जी शिस्त शिकवतात, तीच ही शिस्त.

याच दिवशीं नवख्याला एक मोठी गोष्ट समजते. सर्व वळणें सारख्या मोलाचीं नसतात. ज्या वळणानंतर लांब सरळ पट्टा येतो, तेथें आंत शिरतांना थोडा वेग सोडावा आणि बाहेर पडतांना लौकर शक्ति लावावी. बाहेर पडतांना मिळवलेले ताशीं चारपांच किलोमीटर त्या सबंध पट्ट्यावर आपल्या पदरीं राहतात. मुद्दल लहान, पण व्याज लांबवर चालतें. उलट, आंत शिरतांना घाई करून मिळवलेला क्षण बाहेर पडतांना दामदुपटीनें परत द्यावा लागतो.

सायंकाळीं गाडी थांबली तरी काम थांबत नाहीं. गाडीवरील यंत्रांनीं प्रत्येक फेरींतील वेग, ब्रेकचा दाब आणि कलण्याचा कोन नोंदलेला असतो. त्या आलेखांपुढें स्वार व त्याचे यंत्रज्ञ बसतात. स्वार म्हणतो, "अमक्या वळणावर पुढचें चाक सरकतें". यंत्रज्ञ आलेख पाहून स्प्रिंगांचा ताठपणा किंवा गिअरांचें प्रमाण बदलतात. येथें स्वाराची परीक्षा हाताची नसून भाषेची असते. जें घडलें तें नेमक्या शब्दांत सांगतां आलें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं गाडी सुधारत नाहीं.

शनिवारीं या अभ्यासाची तोंडी परीक्षा होते. बुद्ध सर्किटवर इटलीचा मार्को बेझेक्की यानें एक फेरी पावणेदोन मिनिटांच्या आंत पुरी करून शर्यतीसाठीं पहिलें स्थान मिळवलें. आदल्या दिवसापर्यंत अनोळखी असलेल्या मार्गावर ताशीं सुमारें १७० किलोमीटरांची सरासरी त्यानें गांठली! परंतु त्याच दिवशीं दुपारच्या लहान शर्यतींत पहिल्याच वळणावर त्याचाच सहकारी लूका मारिनी त्याच्यावर आदळला. मारिनीचें गळ्याजवळचें हाड मोडलें, आणि बेझेक्की सर्वांच्या मागें फेकला गेला. तरी त्यानें पांचव्या क्रमांकापर्यंत मजल मारली. स्पेनचा होर्हे मार्टिन पहिला आला. या अपघातांत एक धडा आहे. सरावांत प्रत्येकजण वळण एकट्यानें शिकलेला असतो. शर्यतीच्या आरंभीं वीस-बावीस जणांना तीच एक रेषा एकाच क्षणीं हवी असते. मार्ग ओळखीचा झाला तरी गर्दी अनोळखीच राहते.

रविवारीं तिसरा प्रतिस्पर्धी उभा राहिला, तो म्हणजे उष्मा. सप्टेंबरांतील उत्तर भारताचें दमट ऊन ध्यानांत घेऊन चोवीस फेऱ्यांची शर्यत एकवीस फेऱ्यांवर आणावी लागली. चामड्याच्या जड पोशाखांत, तापलेल्या यंत्रावर ओणवें बसून स्वाराच्या अंगांतील पाणी झपाट्यानें आटतें, आणि पाणी आटलें कीं प्रथम लक्ष ढळतें. दुसऱ्या क्रमांकासाठीं झुंजणारा बान्याया घसरून पडला आणि बाद झाला. मार्टिनचा दुसरा क्रमांक शेवटच्या फेरींत फ्रान्सच्या फाबिओ क्वार्तारारोनें घेतला होता. त्यानें तो तत्काळ परत मिळवला, पण शर्यत संपतांच तो शुष्कतेनें गळून गेला. बेझेक्की मात्र आठ सेकंदांहून अधिक अंतरानें जिंकला. आदल्या दिवशीं धडकेंत मागें पडलेल्या स्वारानें दुसऱ्या दिवशीं प्रथम यावें, हें केवळ धाडसाचें फळ नव्हे. मार्ग त्याला सर्वांत चांगला पाठ झाला होता. पुढील दोन वर्षीं, २०२४ व २०२५ मध्यें, ही शर्यत भारतांत झाली नाहीं.

अपरिचित मार्गाचा मान ठेवण्याची रीत जगांत इतरत्रहि दिसते. इंग्लंड व आयर्लंड यांमधील मॅन बेटावर १९०७ पासून प्रसिद्ध 'टी. टी.' शर्यत होत आली आहे. तिचा डोंगरी मार्ग साठ किलोमीटरांहून लांब, वळणें दोनशेंच्या वर, आणि कडेला घरें व दगडी कुंपणें! तेथें येणाऱ्या नवख्यांना प्रथम अनुभवी देखरेख्यांच्या मागून आवरलेल्या वेगानें फिरवतात, आणि ते नवखे आहेत हें इतरांना कळावें म्हणून नारिंगी रंगाचें वस्त्र घालावयास देतात. जगांतले निधड्या छातीचे स्वार तें वस्त्र घालण्यांत कमीपणा मानीत नाहींत. आपल्याकडे २८ जानेवारी २०२४ रोजीं पुण्याजवळ बाळेवाडीच्या क्रीडासंकुलांत 'सुपरक्रॉस' नांवाची शर्यत झाली. तींत मातीचे उंचवटे आणून मैदानांतच मार्ग रचतात, आणि खेळ संपल्यावर तो मोडून टाकतात. या प्रकारांत प्रत्येक मार्ग नवाच. तेव्हां ज्याला लौकर शिकतां येतें, तोच पुढें जातो.

इतकें करूनहि धोका नाहींसा होत नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे. २०२३ च्याच ऑगस्ट महिन्यांत इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतींत बंगळूरच्या तेरा वर्षांच्या एका मुलाचा पडून मृत्यु झाला. शिरस्त्राण होतें, रुग्णवाहिका होती, तरी एक घर उजाड झालें. अभ्यासानें धोका लहान होतो. तो शून्य होत नाहीं. म्हणूनच जेवढा लहान करतां येईल तेवढा केला पाहिजे.

आतां हाच विचार आपल्या नेहमींच्या रस्त्याला लावून पाहावा. काशीमिऱ्याहून घोडबंदरकडे किंवा भाईंदरहून उत्तनकडे रात्रीं भरधाव जाणारा तरुण म्हणतो, "हा रस्ता माझ्या पायांखालचा आहे." परंतु शर्यतीच्या मार्गावर सर्वजण एकाच दिशेनें जातात, पुढें कोणी पडला तर पिवळें निशाण फडकतें, आणि सांडलेली वाळू तत्काळ झाडली जाते. सार्वजनिक रस्त्यावर काल नसलेला खड्डा आज असतो, दिवा न लावलेला डंपर वळणाआड उभा असतो, आणि अचानक एखादी म्हातारी रस्ता ओलांडूं लागते. तो रस्ता रोज रात्रीं नवा असतो. शर्यतवीर नवख्या मार्गाला नवखा समजतो आणि पायीं फिरून त्याला विचारतो. रस्त्यावरचा वीर नव्या रस्त्याला जुना समजतो. अपघाताचें बीज येथेंच आहे.

घरांतला मुलगा फटफटीच्या शर्यतीचा ध्यास घेऊं लागला, तर त्याला रागें भरून काम भागत नाहीं. हा छंद सरळ मार्गानें पुरवतां येतो. त्यासाठीं शिक्षणवर्ग आहेत, आणि राष्ट्रीय स्पर्धांकरितां मोटार-क्रीडा महासंघाचा परवाना काढावा लागतो. वडिलांनीं त्याला एवढेंच विचारावें कीं, नव्या मार्गावर पहिली फेरी तूं कशी करशील? "सावकाश, आणि डोळे उघडे ठेवून," असें उत्तर आलें, तर त्या मुलाला खेळाचें मर्म कळलें आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.